उरलेली ओळ

फणसळकर सरांना पोटात दुखतंय असं सांगायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, "कशासारखं?" बरं, पिळवटल्यासारखं म्हणून सुटका होईल म्हणावं, तर दुसरा प्रश्न तयारच असायचा. "आणि उरलं काय?" म्हणजे फडकं पिळल्यावर पाणी निघतं, तुझ्या पोटातून काय निघालं? तोवर ज्याचं दुखत असेल तो एक तर दुखणं विसरायचा, नाही तर सरांवर चिडायचा. मी दोन्ही केलेलं आहे.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात शिकवायला लागलो. विभाग म्हणजे दोन खोल्या, आठ मशीन, त्यांतली पाच चालणारी, करकर आवाज करणारा एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फणसळकर सर. विभागप्रमुख निराळे होते. त्यांच्या नावाची पितळी पाटी दारावर होती आणि ते स्वतः बहुतेक पुण्यात असायचे. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचे ते जावई. ही माहिती मला पहिल्याच दिवशी आमचा शिपाई धाकू याने दिली, आणि दिल्यावर पाटी फडक्याने पुसून घेतली.

सर मूळचे गणिताचे. चौदा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर एप्रिलमध्ये सेवा संपल्याचं पत्र यायचं आणि दर जूनमध्ये नव्या नेमणुकीचं. मीही तसाच तात्पुरता, पण मला पहिलंच वर्ष होतं, त्यामुळे त्याचं काही वाटत नव्हतं. सर उंच, हडकुळे, पांढरा हाफ शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेले तीन खडू. दाढीच्या जुन्या ब्रशने रोज सकाळी सगळे कीबोर्ड झाडायचे, बंद पडलेल्या तीन मशीनचेसुद्धा. मी एकदा विचारलं, ही कशाला झाडता. म्हणाले, "त्यांना काय माहीत ती बंद आहेत ते?"

त्यांचा तास ऐकण्यासारखा असे. वीज शिकवताना ते पोफळीच्या बागेतून सुरुवात करायचे. वर टाकी, खाली नळी, टाकी उंच तर पाण्याला जोर, नळी बारीक तर पाणी कमी. मुलं माना डोलवायची, कारण निम्म्यांच्या घरी बागेचं शिंपणं असायचंच. सगळ्यांना पटलं की सर खडू खाली ठेवायचे. "आता उरलं काय? नळी तोडली तर पाणी बाहेर सांडतं. तार तोडली तर वीज सांडते का? मग वीज पाण्यासारखी आहे की नाही?" कोणीतरी धीर करून म्हणायचं, आहे पण आणि नाही पण. सर त्या मुलाकडे असे बघायचे की जणू त्याने परीक्षाच जिंकली. त्यांच्या मते शिक्षण म्हणजे एवढंच होतं. सारखं काय ते शोधायचं, आणि ते कुठवर पुरतं ते तपासायचं. यातला पहिला भाग मी शिकलो.

संध्याकाळी आम्ही मांडवीला जायचो. तिथे जेट्टीवर बसून त्यांनी मला त्यांचं खरं काम सांगितलं. चार वर्षं ते एक प्रोग्रॅम लिहीत होते. तो माणसासारखं साम्य शोधणार होता. मी हसलो असेन. सर रागावले नाहीत. "हे बघ, प्रमोद. माणसाला मास्तराची गोष्ट सांग, त्याला दुसरा मास्तरच आठवतो. होडीची सांग, होडी आठवते. वरून सारखं दिसतं ते चटकन आठवतं. पण आतून सारखं असलेलं एखाद्या झाडात नाही तर विहिरीत असलं, तर ते समोर असून आठवत नाही. यंत्राला बिचाऱ्याला वरचं काही दिसतच नाही. ना वास, ना रंग. कोण कोणाला काय करतो, कशामुळे करतो, एवढंच त्याला द्यायचं. मग आपल्याला न दिसणारं त्याला दिसेल."

पद्धत साधी होती आणि कमालीची कंटाळवाणी. प्रत्येक प्रसंग बारीक ओळींत मोडायचा. त्या वेळी आमच्या मशीनवर देवनागरी चालत नसे, म्हणून मराठी रोमन लिपीत टाइप करायचं. सर सांगायचे, मी टाइप करायचो. नवा प्रसंग दिला की प्रोग्रॅम साठ्यातल्या एकेका जुन्या प्रसंगाशी ओळीला ओळ लावून बघायचा. चहा पिऊन येईपर्यंत वेळ लागायचा. मग ज्याच्या जास्तीत जास्त ओळी जुळल्या तो प्रसंग छापून यायचा आणि त्याच्या खाली, सरांच्या हट्टामुळे, जुळल्या नाहीत त्या ओळी. "उरलं काय" हा प्रश्न त्यांनी यंत्रालाही शिकवला होता.

प्रसंग कुठूनही यायचे. एसटीच्या रांगेतली भांडणं, राजापूरच्या बाजारात ऐकलेला एखादा सौदा, सरांच्या आजीची कुरबुर. धाकू त्याच्या गावच्या राखणदार देवाला दर वर्षी कोंबडा द्यायचा. हा कोंबडा तो वर्षभर पिलापासून वाढवायचा, स्वतः दाणे टाकायचा, रात्री झाकायचा, मांजरापासून जपायचा. सरांनी ते सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा प्रसंग दिला, आई मुलाला वाढवते तो. यंत्राने जोडीला कोंबडा काढला. भरवते, झाकते, जपते, सगळ्या ओळी जुळल्या, आणि खाली काहीच उरलं नाही.

धाकूला वाचून दाखवलं तेव्हा तो चिडलाच. "ह्या काय बोलतास मास्तर? पोर ता पोर नि कोंबडा तो कोंबडा. पोराला कोन कापनार हाय?"

सरांनी हातातला कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "धाकू, तू माझी चार वर्षं वाचवलीस रे." वाढवण्याच्या ओळी त्यांनी दिल्या होत्या, कशासाठी वाढवतात ती ओळ दिलीच नव्हती. आम्हाला ती इतकी उघड वाटत होती की लिहावीशीच वाटली नाही. त्या आठवड्यात त्यांनी साठ्यातला प्रत्येक प्रसंग पुन्हा काढला आणि प्रत्येकात हेतूची ओळ घातली. कोण, कोणाला, काय, आणि कशासाठी. तेव्हापासून यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. सर धाकूला सगळ्यांसमोर सहसंशोधक म्हणायचे, आणि धाकूला तो शब्द शिवीसारखा वाटायचा.

दोन हजारच्या एप्रिलमध्ये नेहमीचं पत्र आलं. सरांनी ते घडी करून खिशात खडूंच्या मागे ठेवलं आणि मला म्हणाले, "बस. लिही. प्रसंग एकेचाळीस." आवाज अगदी रोजचा. मी लिहीत गेलो, प्र. म्हणजे प्रमुख, म. म्हणजे मास्तर. एक विभाग आहे. पाटीवर नाव प्र.चं. तास, प्रात्यक्षिकं, पेपर म. करतो. म.च्या आधारावर विभाग उभा आहे. म.ने स्वतःचं काही सुरू केलं की ते थांबवतात. म.ला ठेवतात ते प्र.ला उभं ठेवण्यासाठी. जे चांगलं होतं ते प्र.च्या नावावर जातं. मग शेवटची ओळ. "म.ला हे माहीत आहे."

मी विचारलं, "सर, हे कशाला घालायचं यात?"

"स्वतःचं घातलं की खोटं लिहिलं जात नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि याच्यासारखं काही सापडलं तर जरा बरं वाटेल."

सापडलं नाही. सगळ्या साठ्यात एकेचाळिसाला जोडीदार मिळाला नाही. महिन्या दोन महिन्यांनी ते पुन्हा चालवून बघायचे. कागद कोरा यायचा. "एकटाच आहे बापडा," म्हणायचे आणि कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलांचे गुण मांडायचे. एकदा असाच कोरा कागद आल्यावर मला म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं. माझा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. तू मला त्याच्यासारखा." मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

पुढल्या वर्षी विभागात एक कायम जागा मंजूर झाली. एकच. अर्ज करणारे बाहेरचेही होते, पण आतले आम्ही दोघं. सरांची तेव्हा सतरा वर्षं झालेली, माझी तीन. माझं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे एकच विचारत होते, नोकरी कायम आहे का. सर मला म्हणाले, "जागा मला मिळाली तर बरं, पण तुला मिळाली तर वाईट नाही." ते खरंच तसं म्हणत होते, आणि त्याचाच मला राग यायचा. एवढा चांगुलपणा परवडतो कसा एखाद्याला, असं वाटायचं.

मुलाखतींच्या आधी संस्थेच्या मंडळाने विभाग बघायला यायचं ठरवलं. सरांनी प्रोग्रॅम दाखवायचा. भाऊसाहेबांना तो आवडला तर जागा सरांचीच, हे प्राचार्यांनी त्यांना जवळ जवळ सांगून टाकलं होतं. आदल्या दिवशी सर प्रात्यक्षिक परीक्षेत अडकलेले. जाता जाता फ्लॉपी माझ्या हातात देऊन म्हणाले, "एकेचाळीस तेवढा काढून टाक रे. उद्या तो नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी ती फाईल उघडली. एकेचाळिसावर आलो. सात-आठ ओळी, निवडायच्या आणि एक बटण दाबायचं. मी त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग सवयीने फाईल जतन करून बंद केली. पुसायचं विसरलो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. मी विसरलो नव्हतो. सर आले आणि त्यांनी विचारलं, "काढलास ना?" मी म्हटलं, "हो सर."

दुपारी मंडळ आलं. सहा जण, चहा, नारळाच्या वड्या. सरांनी दोन-तीन प्रसंग चालवून दाखवले. टाकी आणि वीज जुळली, खाली सांडण्याची ओळ उरली, मंडळी खूश झाली. भाऊसाहेब मोठे बागाईतदार, हाताखाली सहाशे कलमं. त्यांना आपल्या पदरचं काहीतरी द्यावंसं वाटलं. "आमचं कलम घाला की. बघू तुमच्या यंत्राला काय कळतंय."

"सांगा," सर म्हणाले.

भाऊसाहेब रंगून सांगायला लागले. रायवळ आंब्याची कोय रुजवायची. कोंब आला की वरून छाटायचा आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. मूळ रायवळीचं, तीच जमीन धरते, पाणी तीच ओढते. पण खालून तिची स्वतःची फूट आली की लगेच काढायची, नाही तर वरच्या हापूसला जोर राहत नाही. रायवळ ठेवायची ती हापूससाठी. आणि फळ? "फळ हापूसच. रायवळीला कोण विचारतो?" सगळे हसले. सर एकेक ओळ तोडून मला देत होते आणि मी टाइप करत होतो. चौथ्या ओळीला मला कळलं काय होणार आहे. तेव्हाही थांबता आलं असतं. मशीन बंद पडलं म्हणायचं, पाचच तर चालायची. मी पुढची ओळ टाइप केली.

चहाचा दुसरा कप झाला. प्रिंटर करकरायला लागला. कागद हळूहळू वर येत होता आणि भाऊसाहेब चष्मा लावून मोठ्याने वाचत होते. "प्रसंग एकेचाळीस. एक विभाग आहे. पाटीवर नाव प्र.चं." दोन ओळींनंतर त्यांनी मोठ्याने वाचणं थांबवलं. कागद मात्र येत राहिला.

सर कागदावर वाकले. त्या क्षणी त्यांना काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. भीती, संताप, माझ्याकडे एक नजर तरी. त्यांच्या चेहऱ्यावर मी जन्मात पाहिला नव्हता असा आनंद होता. कुठे उभे आहेत तेच ते विसरले. "जुळलं," ते म्हणाले. "अहो, सगळंच्या सगळं जुळलं. रोज कलमं बघतोय आणि मला सुचलं नाही." मग खालची उरलेली ओळ छापून आली आणि त्यांनी ती सवयीने, विद्यार्थ्यांना वाचून दाखवावी तशी वाचली. "म.ला हे माहीत आहे." रायवळीला ते माहीत नसतं, म्हणून ती ओळ उरली होती. यंत्राचं एक अक्षरही चुकलं नव्हतं.

भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "छान. हुशार आहे तुमचं यंत्र." कोणी आवाज चढवला नाही. उरलेल्या वड्या धाकूने उचलून नेल्या.

जागा मला मिळाली. सरांना त्या वर्षी एप्रिलचं पत्र आलं आणि जूनचं आलं नाही. जाताना त्यांनी दाढीचा ब्रश धाकूला दिला आणि म्हणाले, बंद मशीनसुद्धा झाडत जा. धाकूने महिनाभर झाडली. माझ्या लग्नाला सर आले, जेवले, नव्या नवरीला विचारलं, "हा तुला कशासारखा वाटतो?" ती लाजली. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पुढे संस्थेच्या स्मरणिकेत 'साम्य शोधणारा संगणक' असा लेख आला. विभागाचा उपक्रम म्हणून. वर विभागप्रमुखांचा फोटो होता. लेखाचा मजकूर मीच लिहून दिला होता, कारण मला सांगण्यात आलं आणि मी कायम होतो.

जावईबापू कायमचे पुण्याला गेले तेव्हा ती पितळी पाटी काढून माझ्या नावाची लावली. भोकं तीच वापरली. विभागाच्या मशीनवर राहिलेल्या प्रतीत मी एकेचाळिसावा प्रसंग अजून उघडून बघतो. त्यातला प्र. आता मी आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये परीक्षेच्या कामाला गुहागरला गेलो होतो. तिथे कोणीतरी म्हणालं, फणसळकर मास्तर इथेच असतात, बायकोच्या माहेरच्या रोपवाटिकेत. काम आटोपून गेलो. शेडमध्ये काळ्या पिशव्यांच्या रांगा आणि मध्ये पाटावर सर. कोय कलमं बांधत होते. हात सराईत झालेले. कोंब छाटायचा, चीर द्यायची, काडी बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. खिशात खडू नव्हते.

"बस रे," म्हणाले. "चहा घेतोस?"

त्यांनी कॉलेजची चौकशी केली, धाकूची केली. माझ्या मुलीचं नाव विचारलं. तासभर बसलो असेन. मी सांगितलं की अलीकडे छातीत कधी कधी दडपल्यासारखं होतं. ते म्हणाले, "डॉक्टरला दाखव." एवढंच. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. मला त्या प्रश्नाची इतकी सवय होती हे तेव्हा कळलं.

"प्रोग्रॅम आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"फ्लॉपी होती. दमटपणाने गेली."

मग मी बोललो. सहा वर्षं घोकलेलं वाक्य होतं, पण बाहेर आलं ते तुटकच. "सर, त्या दिवशी तो एकेचाळीस..."

"माहित्ये," ते काडी बसवत म्हणाले. "घरी गेल्यावर बघितली मी फ्लॉपी. फाईलला त्याच दिवशीची वेळ होती, सकाळी दहाची. आकार तेवढाच. उघडलीस, बघितलीस आणि होती तशी ठेवलीस."

"मग माझ्या लग्नाला का आलात?"

"बोलावलंस म्हणून आलो."

"काही बोलला का नाहीत?"

पट्टीचं टोक त्यांनी दाताने तोडलं. "काय बोलायचं? तुला भावासारखा म्हणत होतो. उरलं काय ते विचारायचं माझ्याकडून राहिलं. दुनियेला विचारत फिरायचो."

मी माफी मागितली. ते ऐकू आलं की नाही कळलं नाही, कारण पत्र्यावर पावसाची जोराची सर आली होती. पाऊस ओसरला तसे त्यांनी पुढची पिशवी जवळ घेतली. जुनं कलम होतं, वर हापूसची दोन पानं धरलेली. पण बांधल्याच्या खाली रायवळीचीही एक फूट निघाली होती, तांबूस, कोवळी, बोटभर. सरांनी ती अंगठ्याने जरा बाजूला केली, चाकूने बुडातून काढली, पट्टी घट्ट आहे ना ते चाचपून बघितलं आणि पुढची पिशवी ओढली.